हेडबाईंना शिक्षक हवा होता

शिकवायला आलेल्या माणसाची आधी आपण परीक्षा घ्यायची, ही हेडबाईंची रीत होती. आमच्या गल्लीत योगासनं शिकवायला एक तरुण येऊ लागला. पहिल्याच सकाळी तो म्हणाला, "श्वास नाभीपर्यंत खाली न्या." मागच्या सतरंजीवरून बाईंनी विचारलं, "फुप्फुस कुठवर असतंय?" तो हसला. बाई हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून तो पलीकडच्या गल्लीत श्वास खाली नेऊ लागला. वॉटर फिल्टर बसवणारा, विम्याचा एजंट, पूजा सांगायला आलेले भटजी, कुणाचीच यातून सुटका नव्हती. "येत असंल तर सांगता येतंय. सांगता येत न्हाय म्हंजे आलेलंच न्हाय," असं त्यांचं मत होतं. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे हे मत मला कधीच सोयीचं वाटलं नाही.

बाई गडमुडशिंगीकडच्या एका प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि कोल्हापुरात, राजारामपुरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या. नवरा आधीच गेलेला. एकुलता मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनिअर, म्हणजे वर्षातले बरेच महिने पाण्यावर. शाळा सुटली तरी 'हेडबाई' हे नाव सुटलं नाही. भाजीवालीसुद्धा तेच म्हणे. वर्गात त्या पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलत असणार. वर्गाबाहेर स्वतःचंच बोलत, आणि आमच्याकडच्या बायकांच्या रीतीनं स्वतःबद्दल 'आलो, गेलो' म्हणत. मला त्या 'प्राध्यापक' अशी हाक मारत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे प्रमाण रोज बदलत असे.

एका सकाळी त्या फोन हातात घेऊन वर आल्या. स्वयंपाक करताना त्या बासरीवरची भजनं लावत. एक भजन संपल्यावर फोनने आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावलं होतं आणि त्यांनी ते बंद केलं नव्हतं.

"हे काय वाजतंय, वाचून सांगा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. बरोक फ्लूट. युरोपातली तीनेकशे वर्षांपूर्वीची आडवी बासरी. लाकडाची, सहा भोकांची, करंगळीने दाबायची एकच चावी. पुढे चाव्यांनी भरलेल्या धातूच्या बासऱ्या आल्या तशी ही मागे पडली. आता काही हौशी आणि काही फार गंभीर माणसं ती वाजवतात.

"वाजवणारा दम घेतोय ते ऐकू येतंय बघा. लपवत न्हाय." थोडा वेळ ऐकून त्यांनी फोन बंद केला. "हे शिकाय पायजे."

छान आहे, गोड आहे, असलं काही त्या म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण मुलाचं जहाज जपानला लागलं आणि आईला काय आणू असं त्याने विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या जुन्या बासरीची प्लॅस्टिकची हुबेहूब नक्कल तिकडे मिळते. तीन तुकड्यांत डबीत घातलेली ती बासरी राजारामपुरीत येऊन पोचली, आणि मग लक्षात आलं की ती शिकवणारं माणूस कोल्हापुरात नाही. सांगली, बेळगाव, पुणे इथे विचारून पाहिलं. पुण्यातल्या एका संगीतप्रेमी गृहस्थांनी मला बरोक या शब्दाचा इतिहास सांगितला. बासरीबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं.

तेव्हा बासरी ती बासरी, म्हणून बाई आपली देशी बासरी शिकवणाऱ्या पंडितजींकडे गेल्या. ही पदवी त्यांना कुणी दिली ते कळायला मार्ग नाही. पाटीवर ती त्यांच्याच हस्ताक्षरात होती. बैठकीच्या भिंतीवर त्यांचे मोठमोठ्या माणसांबरोबरचे फोटो होते. प्रत्येक फोटोत पंडितजी मध्यभागी होते आणि मोठा माणूस चौकटीत अर्धा कापला गेला होता. शिष्य करून घ्यायचं तर गंडा बांधायचा, त्यासाठी शाल, नारळ आणि मुहूर्त लागेल असं त्यांनी सांगितलं. मी सोबत गेलो होतो. मग त्यांनी ती जपानी बासरी उचलली, फुंकली, आणि मान्य करायला हवं, ती पहिल्या फुंकरीतच गोड वाजली.

"काळी एक," पंडितजी डोळे मिटून म्हणाले. म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीवरचा सा. "आपल्या गवयांचीच पट्टी. हे वाद्य इथलं आहे, बाई. इथून तिकडे गेलं."

"कुणी नेलं?" बाईंनी विचारलं.

पंडितजींनी डोळे उघडले.

"आणि ह्या चावीचं काय करायचं?"

"तिला हात लावायचा नाही. ती त्यांची सोय आहे."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, झालं, हे नापास. पण बाई वर्षभर त्यांच्याकडे गेल्या. "फुंकर कुठं ठेवायची ते त्यांनी नीट सांगितलं. तेवढ्यात ते पास. बाकीचं मी ऐकून घेत न्हाय." शाल आणि नारळ मात्र त्यांनी दिला नाही. मुहूर्त सापडत नाही, असं त्या दर महिन्याला सांगत.

चावीचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. तो सोडवायला बाईंनी मला कामाला लावलं. युरोपातल्या ग्रंथालयांनी जुनी पुस्तकं फुकट पाहायला ठेवली आहेत. कोणत्या स्वराला कोणती भोकं झाकायची याचे तक्ते त्यांत सापडतात. मी ते उतरवून दिले, त्यांनी छापून आणून स्वयंपाकघरात ओट्यामागच्या फरशीवर चिकटवले. फोडणी देताना त्या एका हाताची बोटं हवेत हलवत. तक्ते मात्र एकमेकांशी जुळेनात. "एकाच स्वराला दोन तक्त्यांत दोन तऱ्हेची बोटं," त्या म्हणाल्या. "एक चुकीचा असंल तर सोपं हाय. दोन्ही बरोबर असले तर अवघड." दोन्ही बरोबर निघाले. जुन्या मजकुरातलं फ्रेंच आणि जर्मन मी शब्दकोश घेऊन लावत होतो. त्यात समजलं किती आणि रचलं किती, हे मी त्यांना दर पानाला सांगत असे, कारण नाही सांगितलं तरी त्या विचारतच. पाच रेघांवरची पाश्चात्त्य लिपी शिकायला त्या मुलांच्या कीबोर्डच्या क्लासला बसल्या. पहिली-दुसरीतली ती मुलं त्या महिन्यात नखं कापून येऊ लागली.

पत्रव्यवहारही माझ्याकडेच होता. शिकवणारं माणूस शोधायला मी फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, इंग्लंड असा सगळीकडे हात पसरला. उत्तरं सभ्य होती. एकाने लिहिलं, आधी जवळच्या संगीत महाविद्यालयात आधुनिक फ्लूटची पायाभरणी करा. एकाने आमचं अभिनंदन केलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही. एका बाईंनी उन्हाळी शिबिराला या, असं सुचवलं. शिबिर आल्प्सच्या पायथ्याशी होतं. बाई प्रत्येक उत्तर वाचून घेत आणि म्हणत, "ह्यो शिकवणार न्हाय. पुढचा बघा."

पुढची हॉलंडची निघाली. त्याही वयाने मोठ्या होत्या, छोट्या गावात राहत होत्या, आणि त्यांचं पत्र दोन ओळींचं होतं. नाव, वय, किती वर्षं वाजवता आणि कोणी शिकवलं ते कळवा, मग ऐकते. "ही शिकवणार," बाई म्हणाल्या.

पहिल्या भेटीत बाईंनी पंडितजींकडून आलेली एक धून वाजवली. पडद्यावर हॉलंडच्या बाई डोकं पुढे करून कान लावत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, शिट्टी ऐकू आली, बासरी अजिबात आली नाही. ते ॲप पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप कमी करतं, आणि त्याने बासरीला गोंगाट ठरवलं होतं. शेजारचा कुकर मात्र सुखरूप युरोपला पोचत होता. ती सोय बंद करायचं बटण शोधून मी दाबलं. बाईंनी पुन्हा वाजवलं.

"आवाज सुंदर आहे," हॉलंडच्या बाई म्हणाल्या. मी मराठीत सांगत होतो. "पण या नुसते स्वर बोलतात. आ, ई, ऊ. व्यंजन एकही नाही. हे वाद्य बोलतं, आणि बोलायला जीभ लागते. यांना कोणी जीभ शिकवली नाही?"

"पंडितजी म्हणाले, जीभ मधी आणायची न्हाय, फुंकर तोडायची न्हाय," बाई मला म्हणाल्या. "सांगा त्यास्नी."

मी सांगितलं. हॉलंडच्या बाईंनी मान डोलावली; ते दुसऱ्या बासरीसाठी बरोबर असेल, म्हणाल्या. मग त्यांनी अट घातली. आपलं वय झालंय, आता एखादाच नवा विद्यार्थी घेता येईल आणि तोही शेवटचाच असेल. दोन भागांचा एक तुकडा त्या पाठवतील, एक संथ आणि एक जलद. जूनच्या अखेरीला, सुट्टीवर जाण्याआधी, ऐकतील. जीभ आली असेल तर घेतील, नसेल तर नाही.

"बरोबर हाय," बाई म्हणाल्या. परीक्षेचा विषय, परीक्षक आणि मुदत कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते वर्षभरात पंडितजींना दिसलं नसेल.

जिभेच्या हालचालीसाठी जुन्या पुस्तकांत अक्षरं दिली आहेत. फुंकताना मनातल्या मनात ती म्हणायची, म्हणजे जीभ आपोआप हवा तोडते: ति, दि, आणि जलद असेल तिथे तिरि. बाईंनी ते आपल्या पद्धतीने घेतलं. लिहिण्याआधी मोठ्याने म्हणायचं, ही त्यांची बाराखडी शिकवायची रीत. त्या बासरी न घेता चालताना, दूध तापवताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना अक्षरं म्हणत राहिल्या. पण रोमन लिपीतलं ते 'ti' त्यांनी वाचलं 'टी', जसं आपण सगळेच वाचतो, जीभ वळवून टाळूला लावून. आठवडेच्या आठवडे खालून दार ठोठावल्यासारखा आवाज येत राहिला. वर बसलेला मी दोनदा दार उघडून आलो.

त्यांनाही ते खटकत होतं. शेवटी अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण हॉलंडला पाठवलं. उत्तरादाखल एक लहानसा व्हिडिओ आला. त्यात काही बोलणं नव्हतं. हॉलंडच्या बाईंनी कॅमेऱ्यासमोर तोंड उघडून जीभ कुठे लागते ते दाखवलं होतं. जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे, अगदी अलगद टेकत होती. बाई आरशासमोर बसल्या. मग आरसा खाली ठेवून म्हणाल्या, "ह्यो आपला 'त' हाय की हो. तीस वर्सं पोरास्नी टी फॉर टायगर शिकवलं, त्याच टायगरनं खाल्लं मला."

त्या दिवसापासून दार ठोठावणं थांबलं. तीन-चार दिवसांनी खाली गेलो तर बाई गालाला हात लावून बसल्या होत्या.

"काय झालं?"

"काय न्हाय. 'त' म्हटलं की दुखतंय."

वरचे पुढचे दोन दात हलत होते. किती दिवसांपासून ते त्यांनी सांगितलं नाही. 'ट' म्हणताना जीभ दातांपर्यंत जात नव्हती म्हणून निभावलं होतं. बरोबर वाजवायला लागल्यापासून जीभ दर स्वराला हलत्या दातावर आपटत होती, आणि जलद भागात तर ओळीने आपटत होती.

राजारामपुरीतला दातांचा डॉक्टर त्यांचा विद्यार्थी निघाला. दवाखान्यात त्याने खुर्चीवर बसवून दात पाहिले आणि स्वतः उभाच राहिला.

"बाई, हे काढावे लागतील."

"का?"

"हलतायत, बाई."

"ते मला बी कळतंय. का हलत्यात ते सांग."

त्याने हिरड्या, हाड, साखर, सगळं क्रमाने सांगितलं. एकदा चुकला, त्याने स्वतःच दुरुस्त केलं.

"सांगितलंस चांगलं," बाई म्हणाल्या. "जूनच्या शेवटी काढू."

"बाई, आत पू झालाय. तुम्हाला मधुमेह आहे. हे पसरलं तर चेहऱ्यावर, गळ्यापर्यंत जाईल. मी औषध देतो, पण थांबायला नको."

"औषध दे."

बाहेर त्याने मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही सांगा की त्यांना. ताप आला किंवा सूज डोळ्याकडे सरकली तर मला विचारूही नका, थेट घेऊन या." मी हो म्हटलं. मला माहीत होतं की आपण सांगू, आणि हेही माहीत होतं की त्याचा उपयोग होणार नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. बाई सकाळी संथ भाग घेत, दुपारी जलद. जलद भागाच्या मध्यावर दर वेळी बासरी थांबे. वरच्या मजल्यावर मी पेपर तपासता तपासता पेन उचलून धरी आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत खाली टेकवत नसे. मुलाचा जहाजावरून फोन आला. तो आईशी बोलला, मग माझ्याशी. "सर, तुमी तिथं हाय म्हणून मी हितं कामावर हाय," एवढंच तो म्हणाला. त्याने दम दिला असता तर मला बरं वाटलं असतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी डाव्या गालावर सूज दिसू लागली. मी परीक्षा पुढे ढकलण्याची विनंती लिहून तयार केली आणि खाली जाऊन त्यांना वाचून दाखवली. इंग्रजी चांगलं होतं.

"न्हाय पाठवायचं," बाई म्हणाल्या.

"सप्टेंबरात ऐकतील त्या. दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

"दात उद्या काढाय लागणार. काढलं की तोंड बदललं. मग सप्टेंबरात त्या दुसऱ्याच माणसाला ऐकणार, आणि त्या माणसाला फुंकता बी येत नसंल. प्राध्यापक, मला ह्या तोंडाची परीक्षा द्यायची हाय. नापास झालो तर ह्याच तोंडानं."

"आणि ताप आला तर?"

"आला की सांगतो."

त्या सांगणार नाहीत म्हणून मी थर्मामीटर घेऊन गेलो होतो. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी किंचित होता. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, तासाभरात आणा, मी थांबतो. तो तास आम्ही वापरला.

इस्त्रीची साडी, घट्ट बांधलेले केस, सुजलेला गाल. शाळा तपासायला साहेब येणार असावेत तशा बाई खुर्चीत बसल्या होत्या. हॉलंडमध्ये सकाळ होती. त्या बाईंच्या मागे खिडकीत कुंडी दिसत होती. सूज त्यांना पडद्यावर दिसली नाही. बाईंनी मुद्दाम उजवी बाजू पुढे केली होती.

संथ भाग नीट गेला. मला संगीतातलं कळत नाही, पण कुठे थांबायचं ते त्यांना आधीपासून माहीत आहे, एवढं कळलं. जलद भाग सुरू झाला आणि मी त्यांच्या हातांकडे पाहणं सोडून ओठांकडे पाहू लागलो. मध्यावर, जिथे दर वेळी थांबत, तिथे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बोटं चालत राहिली. पहिला अर्धा संपला. तो लिहिल्याप्रमाणे पुन्हा वाजवायचा असतो. न वाजवला तर चालतं, हे मी त्या पुस्तकांत वाचलं होतं आणि त्यांना सांगितलंही होतं. त्यांनी तो पुन्हा वाजवला. मग दुसरा अर्धा, तोही दोनदा. शेवटच्या स्वरानंतर त्यांनी बासरी मांडीवर ठेवली आणि रुमाल तोंडाला लावला. रुमालावर काय आलं ते मला दिसलं, पडद्यावर नाही.

हॉलंडच्या बाईंनी समोरच्या कागदावर एक खूण केली. मग म्हणाल्या, "एक विचारते. दुसऱ्या वेळी जीभ हलकी झाली. पहिल्यापेक्षा पुष्कळ हलकी. ते का केलं?"

मी बाईंना विचारलं.

"दुखत हुतं म्हणून," बाई रुमालातून म्हणाल्या.

मी जरा घुटमळलो.

"हाय तसं सांगा. कविता करू नका त्याची."

मी सांगितलं. हॉलंडच्या बाईंनी त्यांना कॅमेऱ्याजवळ यायला सांगितलं, तोंड उघडायला सांगितलं, आणि पाहिल्यावर त्या डच भाषेत जे बोलल्या ते मला येत नाही, तरी भाषांतराची गरज पडली नाही. मग इंग्रजीत म्हणाल्या, "ही बाई वेडी आहे का? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"त्या काय म्हणाल्या?"

"दवाखान्यात जा म्हणाल्या."

"जातो. निकाल आधी."

मी निकाल विचारला. पडद्यावर कुंडीवरून एक ढग सरकला असावा. खोली अंधारली आणि पुन्हा उजळली.

"घेते," हॉलंडच्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्या वेळचं बरोबर होतं. जीभ तेवढीच लागते. आता जा."

वेदनेतून कला फुलते वगैरे निष्कर्ष इथे काढण्याची घाई कुणी करू नये. रिक्षात मी तशा अर्थाचं काहीतरी पुटपुटलो होतो. बाई म्हणाल्या, "दात चांगले असते तर हे महिनाभर आधी जमलं असतं."

दोन म्हणता म्हणता चार दात गेले. सूज उतरायला वेळ लागला, जखम भरायला आणखी, आणि कवळी बसली तेव्हा दिवाळी जवळ आली होती. बाईंनी बासरी ओठांना लावून फुंकली. नुसता वारा आला. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा.

दर गुरुवारी दुपारी शिकवणी सुरू झाली, आणि कित्येक आठवडे ती त्या वाऱ्यावरच चालली. कवळीमुळे वरचा ओठ पुढे आला होता. फुंकर जिथे पडायला हवी तिथे पडेना. हॉलंडच्या बाईंनी त्याबद्दल सांत्वन केलं नाही. त्या वाऱ्यालाच शिकवत राहिल्या. आवाज नसलेल्या बासरीतून तिरि, तिरि असा स्पष्ट फुसफुसाट येई आणि त्या म्हणत, इथे उशीर झाला, इथे जास्त जोर. बाई मान डोलावून पुन्हा फुसफुसत. हळूहळू त्यांनी मला दुभाष्याच्या कामातून मोकळं केलं. त्यांचं इंग्रजी आणि त्या बाईंचं इंग्रजी, दोन्ही मोडकं होतं, आणि माझ्या इंग्रजीपेक्षा लवकर काम करत होतं.

याच सुमारास इथल्या एका सांस्कृतिक मंडळाला बातमी लागली. 'आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या बरोक बासरीवादक' असा मजकूर असलेलं निमंत्रण घेऊन दोन कार्यकर्ते आले. पंडितजी अध्यक्ष होते आणि 'माझी शिष्या' या विषयावर बोलणार होते.

"मला वाजवाय येत न्हाय सध्या," बाई म्हणाल्या.

"वाजवायचं नाही, बाई. फक्त सत्कार."

"म्हणूनच बोलावलंय व्हय." त्यांनी दोघांना चहा दिला, मंडळाच्या घटनेत उद्देश काय लिहिलाय ते विचारलं, आणि ते सांगता न आल्यावर परत पाठवलं.

अधूनमधून खालून काहीतरी शिट्टीसारखं ऐकू येई. मी विचारलं की त्या उडवून लावत. पोरांचे पाढे घ्यायची त्यांची जुनी पद्धत होती. एकदा आलेलं धरायचं नाही, ते वाऱ्याने आलेलं असतं. लागोपाठ तीनदा आलं की आलं. स्वतःलाही त्यांनी तोच नियम लावला होता, आणि हॉलंडच्या बाईंनाही तो सांगून ठेवला होता. मार्चमध्ये एका दुपारी मी वर पेपर तपासत होतो आणि खालून एक स्वर आला. खालचा, जाड, बराच वेळ टिकलेला. मी पेन उचलून थांबलो. दुसऱ्यांदा तो आला नाही. त्या आठवड्यात बाई त्याबद्दल बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी त्या दुपारी जेवून आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. गल्लीतल्या डॉक्टरने हृदय म्हटलं. मुलाचं जहाज भलत्याच समुद्रात होतं. तो येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. गडमुडशिंगीच्या भावकीने सगळं उरकलं. घाटावर बाईंचे विद्यार्थी इतके आले होते की त्यांना रांगेत उभं करायला कुणीतरी हवं होतं.

गुरुवार आला. पत्र लिहून कळवावं असं आधी ठरवलं होतं, पण दोन ओळींच्या पुढे ते जाईना. शिकवणीच्या वेळेला मी खाली त्यांच्या खुर्चीत बसून कॉल लावला. पडद्यावर त्यांच्या जागी मी दिसल्याबरोबर हॉलंडच्या बाईंनी चष्मा काढला. मी सांगितलं. कधी, कसं, एकट्या होत्या का, असं त्यांनी विचारलं. मी उत्तरं दिली. कॉल कुणी बंद करायचा हे कुणालाच कळत नव्हतं.

"आवाज आला होता का?" त्यांनी विचारलं. "नव्या दातांनी. माझ्यासमोर आला नाही. त्या लपवत असतील असं मला वाटायचं."

"एकदा ऐकला मी. वरून. एकच स्वर."

"कोणता?"

मला स्वरांची नावं येत नाहीत, असं मी सांगितलं. गुणगुणून दाखवा, म्हणाल्या. आयुष्यात मी कुणासमोर गुणगुणलो नव्हतो. मी प्रयत्न केला. त्यांनी मागून आपली बासरी घेतली आणि एक स्वर वाजवला. मी मान हलवली, याहून खाली. त्यांनी आणखी खालचा घेतला. अजून खाली. मग त्यांनी सगळी भोकं झाकली आणि ओठ सैल सोडून फुंकलं.

"हा," मी म्हटलं.

"हा या बासरीचा सगळ्यात खालचा स्वर. फुंकर नीट बसल्याशिवाय हा बोलत नाही." त्यांनी बासरी खाली ठेवली. "एकदाच आला?"

"मी एकदाच ऐकला."

"मग त्यांनी तो धरला नसता."

"नाही."

"मी धरते," त्या म्हणाल्या.